प्रभू येशू ख्रिस्त कोण आहे आणि तारण म्हणजे काय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाप्तिस्म्याची तयारी करणारे प्रौढ, लग्नाच्या निमित्ताने चर्चशी प्रथमच संबंध आलेली कुटुंबे, रविवारच्या धर्मशिक्षणवर्गातील मुलांचे आईवडील आणि सोसायटीतले जिज्ञासू शेजारी यांच्याकडून ठाण्यात व नवी मुंबईत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे घेतले आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रोटेस्टंट या तिन्ही परंपरांना जे मान्य आहे त्यावर भर दिला असून, मतभेद आहेत तेथे ते स्पष्टपणे नोंदवले आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ख्रिस्त कोण आहे आणि माणसाचे तारण कसे होते, हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. पहिल्याचे उत्तर थोडे जरी बदलले तरी दुसऱ्याचे उत्तर मुळापासून बदलते, आणि आरंभीच्या शतकांतील वाद इतके तीव्र झाले ते याच कारणाने.

येशू ख्रिस्त देव आहे की माणूस?

ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर असे की तो पूर्णपणे देव आहे आणि पूर्णपणे माणूसही आहे. तो अर्धा देव व अर्धा माणूस नाही, माणसाचा वेष घेतलेला देव नाही, आणि देवाने दत्तक घेतलेला एखादा सत्पुरुषही नाही. इ. स. ४५१ मध्ये कॅल्सेडन येथे (हे गाव आज इस्तंबूल शहराचा भाग आहे) भरलेल्या धर्मपरिषदेने हे मांडताना म्हटले की ख्रिस्त ही एकच व्यक्ती आहे, आणि तिच्या ठायी दैवी व मानवी ही दोन स्वरूपे परस्परांत मिसळून न जाता, न बदलता, विभागली न जाता आणि विलग न होता एकत्र आहेत.

ही चारही विशेषणे नकारार्थी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देव आणि माणूस एका व्यक्तीत कसे एकत्र येतात याचे स्पष्टीकरण परिषदेने दिलेच नाही. कोणत्या दिशेने गेल्यास ख्रिस्त हातचा निसटतो एवढेच तिने दाखवले. मला त्या धर्माध्यक्षांचा हा संयम फार मोलाचा वाटतो.

ख्रिस्ताचे देवत्व चौथ्या शतकात रोमन सम्राटाने ठरवले, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे नाही, आणि हा गैरसमज समाजमाध्यमांमुळे इतका पसरला आहे की त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागते.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीस (फिलिप्पैकरांस) लिहिलेले पत्र पहिल्या शतकाच्या मध्याचे आहे. त्यात ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि आता प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकावा, असे म्हटले आहे. इ. स. ११२च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजान याला कळवले की हे ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता. तो या लोकांवर खटले चालवत होता. म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या दोनशे वर्षे आधी ख्रिस्ताची उपासना चालू होती.

इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे परिषद भरवली ती कॉन्स्टंटाइननेच, हे खरे. वाद सुरू झाला होता अलेक्झांड्रियातील धर्मगुरू एरियस याच्या शिकवणुकीवरून. पुत्र (म्हणजे ख्रिस्त) हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता असा एक काळ होता, असे एरियस म्हणे. परिषदेने ते नाकारून पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे घोषित केले. परंतु पुढे काय झाले ते पाहावे. खुद्द कॉन्स्टंटाइनला इ. स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा दिला तो निकोमिडियाच्या युसेबियसने, जो एरियसचा पाठीराखा म्हणून ओळखला जात होता. त्यानंतर सम्राट कॉन्स्टॅन्शियसने निकायाविरोधी पक्षालाच बळ दिले, आणि निकायाच्या मताचा खंदा समर्थक अथनेशियस याला एकूण पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. सम्राटांच्या मर्जीवर सगळे ठरले असते, तर आज ख्रिस्ती जगत एरियसचे मत मानत असते.

अथनेशियसचा मुद्दा तारणाचा होता. जो स्वतःच निर्माण केलेला आहे, तो दुसऱ्या निर्मितांना देवाशी जोडू शकत नाही. तो फार तर देवाबद्दल काही सांगू शकेल. निकायाच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या जाहीर कबुलीत) पुत्र ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ स्वर्गातून उतरला, हे वाक्य आहे ते याचसाठी. रविवारी आपण ते म्हणतो तेव्हा या एका वाक्यापाशी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे.

या विषयाचा ठाण्याशी काही ऐतिहासिक संबंध आहे का?

आहे, आणि तो बहुतेक ठाणेकर ख्रिस्ती कुटुंबांनाही माहीत नसतो. पोर्तुगीज येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे, इ. स. १३२१ मध्ये, टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि टिफ्लिसचा डेमेट्रियस हे चार फ्रान्सिस्कन बंधू ठाणे बंदरात आले आणि येथेच मारले गेले. थोड्याच काळाने ठाण्यात आलेला प्रवासी पोर्देनोनेचा ओडोरिक याने त्यांच्या अस्थी उचलून पुढे चीनपर्यंत नेल्या आणि हकीकत लिहून ठेवली. ख्रिस्त केवळ मनुष्य होता, देव नव्हता, असे काझीसमोरील चर्चेत मांडले गेले, तेव्हा बंधू थॉमसने तो खरा देव व खरा मनुष्य आहे हे युक्तिवादाने व दृष्टांतांनी सांगितले, असे त्यात नमूद आहे. त्याच हकीकतीत पुढे दिल्लीच्या सुलतानाने येथील अधिकाऱ्याला या कृत्याबद्दल शिक्षा केल्याचेही सांगितले आहे. म्हणून या घटनेचा उपयोग आजच्या शेजाऱ्यांविरुद्ध कटुता पेरण्यासाठी कोणी करू नये. ख्रिस्त कोण, हा प्रश्न या खाडीकाठी सातशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याला प्राणाचे मोल देऊन उत्तर दिले गेले होते, हे मात्र आपल्याला ठाऊक असावे.

तो खरोखर देव होता, तर त्याला भूक, थकवा, भीती कशी वाटली?

कारण तो खरोखर माणूसही होता. शुभवर्तमाने ही बाजू कोठेही झाकत नाहीत. तो विहिरीपाशी दमून बसतो, तारवात उशी घेऊन झोपतो, लाजरसाच्या कबरीपाशी रडतो. गेथशेमाने बागेत तो अत्यंत व्याकूळ होऊन ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी प्रार्थना करतो, आणि त्या अंतिम दिवसाबद्दल पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्कच्या तेराव्या अध्यायात स्वतः म्हणतो.

काही श्रद्धाळूंना ही वाक्ये अडचणीची वाटतात. येशूने केवळ दाखवण्यापुरते दुःख भोगले असे मानणे त्यांना अधिक आदराचे वाटते. चौथ्या शतकात लाओदिकेयाचा अपोलिनारियस हा विद्वान धर्माध्यक्ष अशाच आदरापोटी म्हणाला की ख्रिस्ताचे शरीर मानवी होते, पण मानवी बुद्धीच्या जागी दैवी शब्दच (म्हणजे अनादि पुत्रच) होता. त्यावर नाझियान्झसच्या ग्रेगरीने दिलेले उत्तर मी या साऱ्या विषयाची किल्ली मानतो. ख्रिस्ताने जे धारण केले नाही, ते बरे झालेले नाही, असे तो म्हणतो. आपला बिघाड केवळ हाडामांसात नाही. आपले विचार, आपली इच्छा, आपली भीती यांनाही उपचार हवा आहे. त्याने मानवी मन घेतलेच नसेल, तर आपले मन अजून तारणाबाहेरच आहे.

हा वाद पुढे इच्छेपर्यंत गेला. ख्रिस्ताला एकच, दैवी इच्छा होती, असे सातव्या शतकात शाही दरबाराने लादू पाहिले. मॅक्सिमस या संन्याशाने ते मानले नाही. गेथशेमानेत जी इच्छा थरथरली आणि अखेर पित्याला शरण गेली ती खरी मानवी इच्छा होती, यावर तो ठाम राहिला. इ. स. ६६२ मध्ये त्याची जीभ व उजवा हात कापून त्याला हद्दपार करण्यात आले आणि तो तेथेच वारला. इ. स. ६८०-८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचेच मत स्वीकारले. कर्करोगाच्या तपासणीचा अहवाल हाती येण्याची वाट पाहत रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला, देवाच्या पुत्राने मानवी भीती आतून ओळखलेली आहे, हे सांगता येते ते मॅक्सिमससारख्यांनी माघार घेतली नाही म्हणून.

मरियेला ‘देवाची माता’ म्हणणे म्हणजे तिला देवी मानणे नव्हे काय?

नव्हे. इ. स. ४३१ च्या एफेसस परिषदेत हा निर्णय झाला तो मुळात ख्रिस्ताविषयी होता. मरियेने जन्म दिला तो कोणाला, हा प्रश्न होता. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस तिला केवळ ‘ख्रिस्ताची माता’ म्हणणे पसंत करी. अलेक्झांड्रियाचा सिरिल म्हणाला की तिच्या उदरी जन्मलेला आणि अनादि पुत्र हा एकच आहे, दोघे नाहीत. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला जाणाऱ्या आपल्या बहुतेक घरांत हे सहज मान्य असते. मरियेची विनवणी करावी की नाही यावर कॅथलिक व प्रोटेस्टंट यांच्यात मतभेद आहे. पण ‘देवाची माता’ या बिरुदाचा मूळ अर्थ सोळाव्या शतकातील धर्मसुधारक ल्यूथरनेही स्वीकारला होता.

नेरुळ-वाशीतील आमचे केरळी शेजारी ऑर्थोडॉक्स आहेत. ते ख्रिस्ताचे एकच स्वरूप मानतात म्हणे. मग त्यांची श्रद्धा वेगळी आहे का?

नवी मुंबईत हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, कारण येथे थोड्याशा अंतरात लॅटिन कॅथलिक, सिरो-मलबार, ऑर्थोडॉक्स, मारथोमा आणि पेंटेकोस्टल मंडळ्या नांदतात. प्रथम हे स्पष्ट करावे की सर्व केरळी ख्रिस्ती एका परंपरेचे नाहीत. सिरो-मलबार मंडळी रोमशी संलग्न आहे आणि कॅल्सेडनची परिषद मानते. मलंकरा ऑर्थोडॉक्स व याकोबी सिरियन मंडळ्या मात्र ती परिषद न मानणाऱ्या प्राचीन पौर्वात्य परंपरेच्या आहेत.

त्यांचा आधार सिरिलच्या ‘देव-शब्दाचे एकच देहधारी स्वरूप’ या वचनावर आहे. याचा अर्थ, दुधात साखर विरघळावी तसे ख्रिस्ताचे मनुष्यत्व देवत्वात विरघळून गेले, असा ते करत नाहीत. ते मत पाचव्या शतकातील मठाधिपती युटिकस याच्या नावावर आहे आणि त्याचा निषेध हे शेजारीही तितक्याच ठामपणे करतात. ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि सिरियन ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क इग्नेशियस झक्का पहिले यांनी संयुक्त निवेदनाद्वारे मान्य केले की या बाबतीतील जुनी फूट श्रद्धेच्या गाभ्याला स्पर्श करत नाही आणि ती मुख्यतः परिभाषा व संस्कृती यांच्या भिन्नतेतून उद्भवली. पंधराशे वर्षांचा दुरावा असा उलगडावा, ही माझ्या मते विसाव्या शतकातील मोठी कृपा आहे.

येशू हा देवाचा एक अवतार आहे, असे म्हटले तर चालेल का?

हिंदू मित्र आदराने असे म्हणतात तेव्हा त्यांचा आदर ओळखावा, वाद घालू नये. तरीही ख्रिस्ती श्रद्धा दोन बाबतींत वेगळी आहे. पहिली अशी की हे देहधारण एकदाच घडले, आणि ते पंतय पिलाताच्या कारकिर्दीसारख्या ठरावीक, नोंदलेल्या काळात घडले. दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते: कार्य संपल्यावर त्याने मनुष्यत्व उतरवून ठेवले नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि स्वर्गारोहणानंतरही तो मनुष्यच आहे. मानवी देह देवाच्या जीवनात कायमचा सामावला गेला आहे, ही गोष्ट तारणाच्या आशेचा पाया आहे.

तारण नेमके कशापासून?

पापापासून आणि मरणापासून. पाप म्हणजे केवळ चुकीच्या कृत्यांची यादी नव्हे. देवापासून तुटून स्वतःभोवती वळलेली अवस्था म्हणजे पाप, आणि कृत्ये तिच्यातून निघतात. तारणाचा शेवट आत्मा देहातून सुटण्यात नसून देहासह संपूर्ण माणसाच्या पुनरुत्थानात व सृष्टीच्या नूतनीकरणात आहे.

एका निरपराध्याच्या क्रूसावरील मरणाने दुसऱ्यांचे तारण कसे होते? हा न्याय आहे का?

ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाविषयी जशा व्याख्या झाल्या, तशी क्रूसाच्या परिणामाविषयी एकच व्याख्या सर्व मंडळ्यांनी मिळून कधीच केलेली नाही. ख्रिस्त आमच्या पापांबद्दल मेला आणि उठला, एवढे सर्वांना बंधनकारक आहे. ते कसे फलद्रूप होते, याविषयी अनेक मांडण्या आहेत.

दुसऱ्या शतकातील लिओंचा आयरेनियस म्हणतो की आदाम जेथे जेथे घसरला, तेथे तेथे ख्रिस्ताने मानवी जीवन पुन्हा जगून आज्ञापालनाने सावरले. अनेक प्राचीन लेखक क्रूसाकडे मरणावरील विजय म्हणून पाहतात. कँटरबरीच्या अन्सेल्मने १०९८च्या सुमारास असा विचार मांडला की पापाने देवाचा जो मान हिरावला, त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याचे सामर्थ्य केवळ देवात आहे. म्हणून ती करणारा देव-मानवच हवा. त्याच्यानंतरच्या पिढीतील अबेलार्डने क्रूसावर प्रकट झालेल्या प्रेमामुळे माणसाचे मन पालटते यावर भर दिला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी ख्रिस्ताने आपली शिक्षा आपल्या जागी भोगली, असे शिकवले, आणि आपल्याकडील अनेक मंडळ्यांत हेच विवेचन प्रामुख्याने ऐकू येते.

यांपैकी एकच मांडणी घेऊन बाकीच्या टाकून देणे मला योग्य वाटत नाही, कारण नव्या करारात न्यायालय, यज्ञवेदी, रणांगण आणि गुलामाची सुटका या सर्व प्रतिमा एकत्र आढळतात. मात्र एका विपर्यासाविरुद्ध स्पष्टपणे बोलले पाहिजे. रागावलेल्या पित्याने कोणा तिसऱ्या निष्पापाला पकडून शिक्षा केली, असे चित्र काही प्रवचनांतून उभे राहते, आणि ते ऐकून संवेदनशील तरुण दूर जातात. हे चित्र ख्रिस्ती नाही. क्रूसावर असलेला स्वतः देव आहे. देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता, असे पौल म्हणतो, आणि योहान सांगतो की पुत्र दिला तो प्रेमापोटी. ख्रिस्त जर केवळ माणूस असता, तर प्रश्नकर्त्याचा आक्षेप बिनतोड ठरला असता. येथे न्यायाधीश स्वतः आसनावरून उतरून आरोपीच्या जागी उभा राहतो, आणि ते स्वेच्छेने करतो.

नोव्हेना (नऊ दिवस किंवा नऊ आठवडे करायची प्रार्थना), उपवास, दानधर्म केल्याने तारण मिळते का?

मिळवता येत नाही. ते दान आहे. स्वतःच्या बळावर माणूस निष्पाप राहू शकतो, असे पाचव्या शतकाच्या आरंभीच्या पेलेजियस या संन्याशाचे मत होते. धर्माध्यक्ष ऑगस्टीनने त्याचा प्रतिवाद केला आणि ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने ते नाकारले. केवळ विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, या ल्यूथरच्या शिकवणुकीवरून पश्चिमेकडील ख्रिस्ती जगत दुभंगले, आणि ट्रेंटच्या परिषदेने (१५४५-६३) कृपेबरोबर माणसाच्या सहकार्यावर भर दिला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून कबूल केले की आपल्या गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, आणि सत्कर्मे ही त्याची फळे आहेत. मेथडिस्टांनी २००६ मध्ये त्यास संमती दिली.

म्हणून नोव्हेनासाठी नऊ बुधवार माहीमच्या चर्चला जाणाऱ्याने जावे, परंतु देवाला बांधून घेण्यासाठी जाऊ नये. त्याने आधीच जे दिले आहे त्याबद्दल आभार मानण्यासाठी आणि आपली गरज मोकळेपणाने सांगण्यासाठी जावे.

आमची आजी आयुष्यभर पंढरीची वारी करत राहिली आणि बाप्तिस्मा न घेता गेली. तिचे काय?

हा प्रश्न बहुधा हलक्या आवाजात विचारला जातो, म्हणून याचे उत्तर घाईने देऊ नये. येशूवाचून तारण नाही, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील वचन (४:१२) सर्व मंडळ्या मानतात. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, हे तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचनही (२:४) तितकेच शास्त्रवचन आहे. कॅथलिक सभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, असे शिकवले की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमान उमगले नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकानुसार वागतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. आणि तेही ख्रिस्ताच्याच कृपेने. अनेक इव्हँजेलिकल व पेंटेकोस्टल मंडळ्यांना हे मान्य नाही. ख्रिस्तावरील स्पष्ट विश्वास आवश्यक आहे, असे त्या मानतात.

कोणाही मृत व्यक्तीविषयी निवाडा सांगण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. आजीसाठी प्रार्थना करण्याची प्रथा कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत आहे, आणि तिचे नाव घेऊन ती करावी असे मी सांगेन.

ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी अजून शंका आहेत. अशा स्थितीत बाप्तिस्मा घ्यावा का?

येथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण आठवते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्र्यैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) व ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या त्यांच्या शंका उघडपणे मांडलेल्या दिसतात. इंग्लंडमध्ये त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या अँग्लिकन धर्मभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा या मुद्द्यांवर दीर्घ वाद झाला. केवळ अधिकाराने सांगितलेले मानण्यास रमाबाईंची तयारी नव्हती, शास्त्र स्वतः वाचून पटले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ताशी व्यक्तिगत नाते जडल्याचा अनुभव त्यांनी बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आल्याचे सांगितले आहे. पुढे मूळ हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केडगावला संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले.

यावरून शंका घेऊन बाप्तिस्मा घ्यावाच, असा नियम काढता येणार नाही. आपल्या धर्मगुरूंशी किंवा पाळकांशी मोकळेपणाने बोलावे, योहानाचे शुभवर्तमान सावकाश वाचावे, आणि घाई करू नये. बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा त्याग करता का, पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, असे विचारले जाते. त्या प्रश्नांना प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणता येत असेल, तर अन्सेल्म बरोबर की अबेलार्ड, हे ठरवण्यासाठी पुढे पुष्कळ वेळ आहे. आणि प्रामाणिकपणे म्हणता येत नसेल, तर थांबण्यात कोणतीही नामुष्की नाही. वर्गाचे दार तोपर्यंत उघडेच असते.